यात्रेकरूचा वेश आणि प्रवाशाची दृष्टी : ‘माय जर्नी टू ल्हासा’ची एक चिकित्सा

प्रवासवर्णनाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होते. एक अंग शैलीचे, म्हणजे निसर्गचित्रण, व्यक्तिचित्रण, विनोद यांचे. दुसरे माहितीच्या विश्वसनीयतेचे. लेखक ज्या भूमीत गेला तेथे तो कोण म्हणून गेला, हा प्रश्न मात्र अभ्यासक्रमातही क्वचितच विचारला जातो. व्यापारी, अधिकारी, विद्यार्थी, पाहुणा, यात्रेकरू यांपैकी प्रत्येकाला परक्या भूमीत वेगळा दरवाजा उघडतो आणि त्या दरवाजातून जे दिसते तेच पुढे ग्रंथात उतरते. प्रवासाचे ठिकाण पवित्र क्षेत्र असेल तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण अशा ठिकाणी प्रवेशाचा हक्क श्रद्धेशी जोडलेला असतो. श्रद्धा नसताना, किंवा वेगळ्या जातीची श्रद्धा असताना, कोणी यात्रेकरूचा वेश घेऊन आत गेले तर त्यातून निर्माण झालेल्या साहित्याचे मूल्यमापन कसे करावे? या प्रश्नाच्या अनुषंगाने अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांच्या ‘माय जर्नी टू ल्हासा’ या ग्रंथाची चिकित्सा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ग्रंथ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाला, इंग्रजीत आणि फ्रेंचमध्येही. फ्रेंच शीर्षकाचा अर्थ ‘एका पॅरिसवासिनीचा ल्हासा-प्रवास’ असा होतो. भिकारणीच्या वेशात पवित्र नगरीत शिरणारी व्यक्ती मुळात पॅरिसची आहे, हा विरोधाभास प्रकाशकाने मुखपृष्ठावरच मांडला होता. १८६८ साली जन्मलेल्या लेखिकेचे वय या प्रवासाच्या वेळी पंचावन्न होते. त्यापूर्वीच त्या संस्कृत आणि बौद्ध दर्शनाच्या अभ्यासक म्हणून परिचित होत्या. १९११ मध्ये भारतात आल्या, १९१२ मध्ये कालिम्पाँग येथे तेराव्या दलाई लामांना भेटल्या, सिक्कीममधील लाचेनच्या गोमचेनकडे त्यांनी साधना केली, तिबेटी भाषा आत्मसात केली आणि कुंबुम मठात प्रदीर्घ वास्तव्य केले. आजच्या भाषेत ज्याला बॅकपॅकर म्हणतात, पाठीवर संसार घेऊन थोडक्या पैशात हिंडणारा परदेशी प्रवासी, त्याच्या आद्य प्रतिमांपैकी ही एक आहे असे अनेकदा सांगितले जाते. साम्य आहे, पण ते पाठीवरच्या ओझ्यापुरते. आजच्या हौशी प्रवाशाजवळ बहुधा नसते अशी विद्वत्ता त्यांच्याजवळ होती. म्हणूनच त्यांच्या ग्रंथाला लावायची कसोटीही कडक असली पाहिजे.

१९२३ च्या शरद ऋतूत युन्नानमधील मेकाँगच्या खोऱ्यातून त्या निघाल्या. सोबत होता लामा योंगडेन, सिक्कीमचा तरुण, पुढे त्यांचा दत्तक पुत्र. केसांना चिनी शाई, त्यात याकच्या केसांच्या वेण्या, चेहऱ्याला कोळशाची भुकटी आणि कोको, अंगावर जाडाभरडा तिबेटी पोषाख. पोषाखाच्या आत पिस्तूल आणि सोन्याचांदीची नाणी. बाहेरून त्या ‘आर्जोपा’ म्हणजे पायी हिंडणारी, भिक्षा मागणारी यात्रेकरू. योंगडेन हा तिचा लामा मुलगा. तिबेटमध्ये असे आर्जोपा हजारोंनी हिंडत असत आणि त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नसे. वेशाची निवड याच कारणासाठी अचूक होती. गरीब यात्रेकरू हा त्या समाजातील सर्वांत दृश्य आणि सर्वांत अदृश्य घटक होता.

पहिला टप्पाच एका पवित्र स्थानाचा आहे. खा-कार्पो, म्हणजे आजच्या नकाशावरील कावागेबो, या पर्वताची प्रदक्षिणा ही पूर्व तिबेटमधील मोठी यात्रा. दोकार खिंड ओलांडून लेखिका तिबेटमध्ये शिरतात ती याच यात्रेच्या आडोशाने. येथे ग्रंथातील अत्यंत अस्वस्थ करणारा प्रसंग घडतो. वाटेच्या कडेला एक मरणासन्न यात्रेकरू पडलेला आहे; सोबती त्याच्यासाठी थांबले आणि मग पुढे निघून गेले. लेखिका आणि योंगडेन त्याच्याशी त्याच्याच श्रद्धेच्या भाषेत बोलतात, परलोकाविषयी धीर देतात आणि तेही पुढे निघतात. दुसरे काही करणे त्यांना शक्य नव्हते. थांबले असते तर ओळख उघडी पडण्याचा धोका होता. वाचकाच्या मनात मात्र एक शंका राहून जाते. मरणाऱ्याला मिळालेले आश्वासन खरे की वेशाचा भाग? लेखिका बौद्ध होत्या, हे येथे विसरता येत नाही. त्यामुळे ‘ढोंग’ असा सरळ शिक्का मारणे अन्यायाचे होईल. पण त्यांचा बौद्ध धर्म हा दर्शनाचा, ग्रंथांचा, चिकित्सेचा होता आणि त्या माणसाचा धर्म होता पर्वताच्या फेऱ्याचा. आपला धर्म बाजूला ठेवून त्यांनी त्याचा धर्म त्याच्यापुरता खरा मानला. ग्रंथातील सर्वांत मानवी पाने ही आहेत आणि लेखिकेने ती फारसे भाष्य न करता लिहिली आहेत, हे त्यांचे श्रेय.

हाच धागा पुढे वेगळ्या रंगात दिसतो. योंगडेन लामा असल्यामुळे गावोगाव लोक त्याच्याकडे भविष्य विचारायला येतात. हरवलेले जनावर, आजारपण, प्रवासाचा मुहूर्त. तो ठोकताळे सांगतो. मोबदल्यात सातू, लोणी, मुक्काम मिळतो. एका प्रसंगी पाय दुखावलेली मुलगी सोबत असलेल्या यात्रेकरूंना तो असा विधी सांगतो की त्यानिमित्ताने तिला काही दिवस विश्रांती मिळावी. येथे ढोंग आणि करुणा यांचे मिश्रण झाले आहे. पो प्रदेशात लुटारू वाट अडवतात तेव्हा मात्र लेखिका स्वतःच उग्र देवतांची नावे घेऊन शापवाणी उच्चारतात. लुटारू घाबरून घेतलेले पैसे परत करतात. प्रसंग रंगतदार आहे, वाचक हसतो. परंतु समोरच्याची श्रद्धा येथे हत्यार म्हणून वापरली गेली. पिस्तूल पोषाखाच्या आत होतेच. देवता त्याहून स्वस्त पडल्या.

राहुल सांकृत्यायन यांच्या प्रवासवर्णनाशी तुलना येथे उपयुक्त ठरते. १९२९-३० मध्ये तेही नेपाळमार्गे छद्म वेशात ल्हासाला गेले. ‘ल्हासा की ओर’ या, शालेय पाठ्यपुस्तकामुळे अनेकांना परिचित असलेल्या भागात त्यांचा सहप्रवासी सुमती हा मंगोल भिक्षू आपल्या यजमानांना बोधगयेहून आणलेले गंडे वाटतो आणि ते संपले की कोणत्याही कापडाचे बोधगयेचे गंडे तयार करतो. राहुलजी हे सांगतात ते सुमतीला उघडे पाडण्यासाठी नव्हे. त्यांचा सूर सौम्य उपहासाचा आहे आणि त्या उपहासाच्या कक्षेत ते स्वतःही येतात. शेकर विहारात कन्जुरच्या १०३ हस्तलिखित पोथ्या पाहिल्यावर ते त्यांत इतके बुडतात की आतापर्यंत यजमानांकडे जाण्यापासून अडवलेल्या सुमतीला मुकाट्याने जाऊ देतात. राहुलजींचे तीर्थ पोथीत होते. त्यांच्या प्रवासातून तिबेटी आणि संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह पाटण्यास आला. वेशाचे समर्थन त्यांना करावे लागत नाही, कारण प्रवासाचा हेतू वेशापलीकडे स्पष्ट दिसतो.

डेव्हिड-नील यांचा हेतू काय होता? येथे लेखिकेचा प्रामाणिकपणाच तिच्या विरुद्ध साक्ष देतो. ल्हासाला पोहोचल्यावर त्या कबूल करतात की या नगरीला येण्याची खरी ओढ त्यांना नव्हती; मनाई केली गेली म्हणून आव्हान स्वीकारले, आणि आता आलोच आहोत तर सर्व काही पाहून घेऊ. प्रास्ताविकातही त्यांचा रोख ब्रिटिशांवर आहे. १९१६ मध्ये परवानगीशिवाय शिगात्सेला जाऊन ताशी लामांची भेट घेतल्याबद्दल त्यांना सिक्कीममधून बाहेर काढण्यात आले. तो राग त्या विसरल्या नव्हत्या. साम्राज्याने कोणालाही पृथ्वीच्या एखाद्या भागापासून का रोखावे, हा त्यांचा प्रश्न. तो रास्तच आहे. १९०४ च्या यंगहजबंड मोहिमेने बंदुकीच्या बळावर ल्हासात प्रवेश केला होता आणि चार्ल्स बेल १९२०-२१ मध्ये तेथे जवळजवळ वर्षभर राहून आले होते. ‘निषिद्ध नगरी’ निषिद्ध होती ती निवडक लोकांना.

तथापि दारे बंद ठेवण्यात तिबेटी लोकांचे स्वतःचेही काही हित आणि काही भय होते, याची दखल ग्रंथात अगदीच अपुरी आहे. ते भय निराधार नव्हते. शरच्चंद्र दास १८७९ मध्ये आणि पुन्हा १८८१-८२ मध्ये तिबेटला गेले ते बौद्ध विद्येचे अभ्यासक म्हणून. पण ब्रिटिश सरकारसाठीही ते माहिती गोळा करीत होते. हे उघड झाल्यावर त्यांना आश्रय देणाऱ्या सेंगचेन लामांना नदीत बुडवून मारण्यात आले. ग्यांत्सेच्या ज्या फाला घराण्याने त्यांना साहाय्य केले त्यातील माणसे तुरुंगात गेली. पाहुणा सुखरूप दार्जिलिंगला परतला, पुढे त्याचे प्रवासवृत्त १९०२ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाले, विद्वत्तेबद्दल त्याचा गौरव झाला. किंमत यजमानांनी मोजली. छद्म प्रवासाच्या साहित्यावर लिहिणाऱ्या समीक्षकांनी या घटनेचा उल्लेख तळटिपेत न करता मुख्य मजकुरात करायला हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

एकाई कावागुची यांचे उदाहरण याच्या उलट आहे. ओबाकू झेन संप्रदायाचा हा जपानी भिक्षू १९०० मध्ये तिबेटमध्ये शिरला, सेरा मठात राहिला, वैद्य म्हणून नावारूपाला आला आणि ओळख उघडी पडण्याची चिन्हे दिसताच १९०२ मध्ये बाहेर पडला. मागे त्याच्या मित्रांना अटक झाल्याचे कळले तेव्हा तो नेपाळला गेला, पंतप्रधान चंद्रशमशेर यांची भेट घेतली आणि त्यांच्यामार्फत दलाई लामांकडे अर्ज पोहोचावा यासाठी धडपडला. १९०९ मध्ये मद्रासहून प्रकाशित झालेल्या ‘थ्री इयर्स इन तिबेट’ या ग्रंथाचा अखेरचा भाग या खटपटीने व्यापला आहे. वाङ्मयीन दृष्ट्या हा भाग कंटाळवाणा आहे. साहस संपले आहे, अर्ज-विनंत्या उरल्या आहेत. अनेक वाचक तो गाळतात. परंतु कावागुचींचा ग्रंथ नैतिकदृष्ट्या उभा राहतो तो याच कंटाळवाण्या पानांवर.

डेव्हिड-नील यांच्या बाबतीत असे काही भयंकर घडले नाही. परंतु शिगात्सेच्या भेटीबद्दल लाचेनच्या परिसरातील गावकऱ्यांना दंड झाला होता आणि त्याचा उल्लेख त्या स्वतः करतात, तोही ब्रिटिशांच्या अन्यायाचा पुरावा म्हणून. अन्याय होताच. आपल्या भेटीमुळे तो ओढवला, ही बाजू त्यांच्या लेखणीत येत नाही. वाटेत ज्यांनी आसरा दिला त्यांच्यावर काय येऊ शकते, याचा विचार आपली ओळख उघडी पडण्याच्या भीतीत बुडून गेलेला दिसतो.

आता ल्हासा. ग्रंथाचा फार मोठा भाग वाटेत खर्च होतो आणि नगरीच्या वाट्याला अखेरची पाने येतात. ही प्रमाणबद्धता बरेच काही सांगते. सॅल्विनच्या खोऱ्यातील रात्री, बर्फात भिजलेली चकमक पेटवण्यासाठी योगिक उष्णतेचा आधार, जोड्यांच्या दुरुस्तीसाठी ठेवलेले कातडे उकळून केलेले कढण, योंगडेनचा दुखावलेला पाय, हे सारे वर्णन अस्सल आहे. शरीराने भोगलेले आहे. ल्हासाजवळ धुळीचे वादळ उठते आणि त्याच्या पडद्याआडून दोघे निर्वेध आत येतात. भिकाऱ्यांच्या एका मोडक्या धर्मशाळेत त्यांना खोली मिळते. हे वर्णनही उत्तम. पण मुख्य पवित्र स्थाने आली की लेखणी एकदम चटपटीत होते. पोताला राजवाड्याच्या भेटीत सर्वांत लक्षात राहते ती टोपीची हकिकत. दारावरचा पोरगेला द्वारपाल टोपी काढायला लावतो. शाई उडालेले केस आणि याकच्या वेण्या यांचा रंग जुळत नाही. आता आपण पकडल्या जाणार अशी धाकधूक. मूर्ती, दीप, भक्त, अंधाऱ्या दालनांतील लोण्याचा वास यांना थोडक्यात निरोप दिला जातो. नववर्षाच्या काळातील मोनलाम उत्सव, लोण्याच्या शिल्पांची रात्र, गावाचे पाप डोक्यावर घेऊन हाकलल्या जाणाऱ्या ‘बळीच्या राजा’चा विधी, यांची वर्णने रंजक आहेत. तरीही ती कोणत्याही चांगल्या वार्ताहराला जमली असती. कुंबुममध्ये वर्षानुवर्षे ग्रंथ वाचलेल्या विदुषीकडून याहून अधिक अपेक्षित होते.

या उणिवेचे कारण वेशातच शोधावे लागते. भिकारी यात्रेकरूला गाभाऱ्यात प्रवेश मिळतो, पण प्रश्न विचारण्याची मुभा मिळत नाही. अशिक्षित म्हातारी भिक्षूंशी शून्यवादाची चर्चा करू लागली तर वेश संपला. लेखिकेने प्रवेश मिळवला तो आपली सर्वांत मोठी ताकद, म्हणजे आपली विद्या, दाराबाहेर ठेवून. त्यामुळे ल्हासामध्ये त्या पाहू शकल्या, बोलू शकल्या नाहीत. आणि पाहताना निम्मे लक्ष स्वतःच्या केसांकडे राहिले. व्हिक्टर टर्नर यांनी यात्रेत सामाजिक भेद गळून पडतात आणि एक समभाव निर्माण होतो असे प्रतिपादन केले. येथे तो समभाव बाहेरून दिसतो, आतून घडत नाही. कारण यात्रेकरू झालेल्या व्यक्तीला क्षणभरही स्वतःला विसरण्याची परवानगी नाही.

टर्नर यांच्या सिद्धांतावरील आक्षेपांचा प्रपंच येथे करण्याचे कारण नाही. मराठी वाचकाला त्यासाठी दूर जावे लागत नाही. इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’मधील ‘वाटचाल’ हा लेख पंढरीच्या वाटेवरचा आहे. बाई दिंडीत चालल्या त्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शिक्षणासह, स्वतःच्या अश्रद्धेसह. दिंडीतील जातिभेद, वेगवेगळ्या पंगती त्यांना दिसल्या आणि त्यांनी त्या बोलून दाखवल्या. त्याच वेळी चालणाऱ्यांच्या आनंदाने त्या हलूनही गेल्या. अर्थात त्यांना कोणी अडवले नव्हते, आणि भाषा त्यांची होती. ल्हासाची परिस्थिती निराळी, हे मान्य. तरी लपवण्यासारखे काही नसलेल्या माणसाला पवित्र स्थळी किती अधिक दिसते, हे ‘वाटचाल’ वाचून कळते. गोमंतकाचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये बुद्धधर्माच्या शोधात काठमांडूला पोहोचले, तेथील धर्माची अवस्था पाहून निराश झाले आणि पुढे बोधगयेहून सिंहलद्वीपाकडे वळले. ‘निवेदन’मध्ये ही निराशा साध्या शब्दांत येते. साहसाची झळाळी तिला नाही. ते शिकायला गेले होते, आणि शिकायला मिळेना तेव्हा दुसरीकडे गेले, इतकेच.

या तुलनेचा अर्थ डेव्हिड-नील यांचा ग्रंथ दुय्यम आहे असा नाही. त्यांच्यावर याहून कठोर आरोपही झाले. १९७२ मध्ये जान डेनिस यांनी हा प्रवास घडलाच नाही असे सिद्ध करण्याचा खटाटोप केला. पती फिलिप नील यांना लिहिलेली पत्रे पुढे प्रकाशित झाली आणि प्रवासाची वास्तवता त्यांतून पुरेशी उभी राहते. तेव्हा प्रश्न त्या गेल्या की नाही हा नाही. एकटीने, पन्नाशी ओलांडल्यावर, साम्राज्याला न जुमानता केलेला हा प्रवास स्त्रियांच्या प्रवासलेखनाच्या इतिहासात मानाच्या स्थानी राहील. ‘एकटीने’ हा शब्दही जरा जपून वापरावा लागेल. पाठीवरचे ओझे, भिक्षा, भविष्यकथन, दारोदारची बोलणी ही कामे बहुतांशी योंगडेनने केली. शीर्षकातील ‘माय’ हे सर्वनाम त्याला सामावून घेत नाही. त्या काळच्या युरोपीय प्रवासग्रंथांत स्थानिक सोबत्याला इतकी जागा मिळणे हेही दुर्मीळ, ही दुसरी बाजू. परंतु त्याने वेश घेतलाच नव्हता, तो खरोखरच लामा होता, ही गोष्ट समीक्षकांच्या नजरेतून फार काळ सुटली. या जोडीतील खरा यात्रेकरू कदाचित तोच असावा. तो या प्रवासाकडे कसा पाहत होता, हे ग्रंथात कुठेही त्याच्या बाजूने सांगितलेले नाही.

ग्यांत्सेला पोहोचल्यावर लेखिकेने ब्रिटिश अधिकाऱ्यांसमोर स्वतःची ओळख दिली. येथे ग्रंथाचा सूर विजयाचा होतो, आणि साहजिकच. विजय ज्यांच्यावर मिळवला ते ग्यांत्सेच्या बंगल्यात होते. जोखांगमध्ये दिवा लावणाऱ्यांशी त्यांचे भांडण कधीच नव्हते. संपूर्ण प्रवासाचा खरा श्रोता ब्रिटिश सत्ता हा होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

ल्हासाची दारे पुढे अनेकदा उघडली आणि मिटली. १९८० च्या दशकात पाठीवर पिशवी घेतलेले परदेशी तरुण तेथे मोकळेपणाने पोहोचू लागले. २००६ मध्ये रेल्वे आली. मार्च २००८ च्या आंदोलनानंतर परदेशीयांवरील निर्बंध कडक झाले आणि आज परवाना आणि वाटाड्याशिवाय त्यांना जाता येत नाही. खा-कार्पोची गोष्ट याहून वेगळी. १९९१ मध्ये तेथे चढाई करणाऱ्या चिनी-जपानी पथकातील १७ जण हिमप्रपातात गेले. स्थानिकांना या पर्वतावर पाऊल ठेवणेच अमान्य होते. २००१ मध्ये धार्मिक कारणास्तव चढाईवर बंदी आली आणि शिखर आजही अस्पर्श आहे. फेरा मात्र चालू आहे. दोकार खिंडीच्या त्याच वाटेवर यात्रेकरूंच्या मागेपुढे पदभ्रमणाला आलेले प्रवासीही चालतात, आपापल्या पोषाखात.